अळणी पान

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की उद्या सकाळपासून फोन सुरू होतील, "तुमी खंयचे? आमी पण तेच." मला ते फोन आवडतात, खोटं कशाला बोलू. पण एकेक फोन तासभर चालतो आणि गॅसवरचं दूध उतू जातं. वहिनी मग दिवसभर माझ्याशी धड बोलत नाही.

एवढंच सांगते, की आमचं आडनाव म्हणजे एका माणसाचं नाव आहे. त्यात गाव नाही, धंदा नाही, कुठला हुद्दा नाही. कधीकाळी एक माणूस होता, लोक त्याला एकेरीत हाक मारायचे, आणि ती हाक त्याच्यामागे राहून गेली. पोरांना चिकटली, नातवंडांना चिकटली, सातबाऱ्यावर चढली, शाळेच्या दाखल्यावर चढली, आणि आज माझ्या आधार कार्डावर आहे. मला लहानपणापासून याचं भारी अप्रूप. इतरांच्या आडनावात गाव असतं, आमच्यात अख्खा माणूस बसलाय. लग्न मी केलं नाही. कारण विचारलं तर सांगते, आडनाव सोडवेना. लोक हसतात. अर्धी थट्टा आहेच ती.

नोकरी केली टपाल कचेरीत, मालवणात. पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करायची. दुसऱ्या कोणाला ते काम कंटाळवाणं वाटलं असतं, मला रोज सोडत निघाल्यासारखं वाटायचं. पाकिटावर आमचं आडनाव दिसलं की हात थांबायचा. बाजारातली दोन घरं माहीत होती, खाडीपलीकडची माहीत होती. पण वालावलला तळ्याकाठी आमची माणसं आहेत हे मला पाकिटानं सांगितलं. विजयदुर्गला तर अख्खी वाडी निघाली. गोव्यातून, कारवारातून, पुढे पुढे मस्कतहूनसुद्धा पत्रं यायची. मी घरी येऊन दादाला सांगायची, "आज कारवारचे सापडले." माझा हा मोठा भाऊ म्हणायचा, "हरवले कधी होते?"

एकदा बेळगावहून येताना एसटी आंबोलीत थांबून निघाली, आणि घाटाच्या तोंडाशी एका चहाच्या टपरीवर पाटी दिसली. आमचं आडनाव! पाऊस असा की समोरचं माणूस दिसू नये, पण ती पाटी दिसली. मी ओरडून गाडी थांबवली आणि उतरले. कंडक्टरला वाटलं, बाईला मळमळतंय. टपरीवाल्याला विचारलं, "तुमचं मूळ कुठलं?" तो मक्याचं कणीस भाजत होता. म्हणाला, "आमी हंयचेच." पुढची गाडी येईपर्यंत मी तिथे बसून कणसं खाल्ली आणि त्याचं डोकं खाल्लं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, घरचीच ना तुम्ही. त्या शब्दावर मी महिनाभर खूश होते.

निवृत्त झाल्यावर मोबाइल हातात आला आणि मला रान मोकळं मिळालं. आडनावाचा ग्रुप काढला. बघता बघता माणसं जमली, वालावलची, विजयदुर्गची, गोव्याची, मुंबईची, आंबोलीच्या टपरीवाल्याची मुलगीही आली. ग्रुपच्या कपाळावर मीच लिहिलं, "एक नाव, एक पुरुष, एक भावकी." पुरावा? पुरावा कसला हवा, आडनाव एक म्हणजे मूळपुरुष एक, असं मी धरून चालले होते. देवक विचारलं तर सगळ्यांचं कळंब. आता कळंब अर्ध्या जिल्ह्याचं देवक आहे. गोत्र विचारलं तर काश्यप. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नसतं तो काश्यप सांगतो, हे मलाही माहीत होतं. पण तेव्हा मी हवेत होते.

आमचा स्वतःचा मूळपुरुष मात्र आम्हाला पक्का माहीत. तो पडावावर, म्हणजे मालाच्या गलबतावर, खलाशी होता. मालाचा पडाव दर्यात गेला तो आलाच नाही. माणूस ऐन उमेदीत गेला, मागे बायको आणि दोन पोरं. बाप डोळ्यांसमोर नव्हता म्हणून पोरांना सगळे त्याच्या नावानं ओळखू लागले, अमक्याची पोरं, अमक्याची पोरं. तेच आमचं आडनाव. दरवर्षी पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ असतो, पितरांची पानं वाढतात. त्यात मूळपुरुषाचं पान वेगळं, खाडीकडच्या दाराशी, आणि अळणी. त्या पानावरच्या कशातच मीठ घालायचं नाही. बाकी पानांवर वाढताना आधी मीठ पडतं, त्याच्या पानावर ती जागा रिकामी. आमचे वडील सांगायचे, त्याच्या पोटात मीठ खूप गेलंय, आता पुरे. लहानपणी ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि आजही येतो.

आता दादाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी चतुर्थी आठवड्यावर आली असताना ग्रुपवर बातमी आली, विजयदुर्गच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ गेले. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि वर लिहिलं, "आपल्या भावकीतला मोठा आधार गेला." दादानं ते वाचलं आणि चष्मा काढून खाली ठेवला.

"सुतक इला," तो म्हणाला.

कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. भावकीत कोणी गेलं की दहा दिवस सुतक, आणि सुतकात गणपती आणता येत नाही. आमचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, देऊन झालेला, त्यावर मूर्ती रंगून तयार, फक्त डोळे आखायचे राहिलेले. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायची रानफळं घरात येऊन पडलेली. मुंबईचे चुलते तिकीट काढून बसलेले. मी म्हटलं, अरे दादा, ते कोण, आपण कोण, कधी तोंड पाहिलंय का त्यांचं?

"तूच लिवलंस ना, आपली भावकी म्हणान? भावकीतलो माणूस गेलो आसताना मी गणपती आणू?"

झालं. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आले नाहीत. आजूबाजूच्या घरांतून आरत्यांचे आवाज येत होते आणि आम्ही ओसरीवर गप्प बसलो होतो. दादा रोज संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालायचा, शेजारची आरती संपेपर्यंत. वहिनीनं मला तेव्हा जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

आणि आता, यंदाच्या श्रावणात, दादाची एकुलती एक मुलगी माझ्या खोलीत आली. ती कुडाळला बँकेत आहे. म्हणाली, "आते, माका एक सांगूचा आसा. पण आधी तू बस."

मी आधीच बसलेली होते. तिचं बँकेतल्याच एका मुलाशी जमलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, सगळं चांगलं. मी आनंदानं विचारलं, "आडनाव काय?"

"आपलाच," ती म्हणाली. "विजयदुर्गचो."

दोघांची टेबलं शेजारी, दोघांच्या नावाच्या पाट्या शेजारी, आणि गिऱ्हाइकं विचारायची, भाव-भैण काय? मला आधी हसू फुटलं. मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही. कोणाचा नातू विचारलं, तर त्याच वृद्ध गृहस्थांचा, ज्यांच्यासाठी आमचा गणपती शाळेत राहिला. म्हणजे एक आडनाव, वर सुतकाचा शिक्का.

दादा भडकला नाही, हेच वाईट होतं. भडकला असता तर निवळला असता. शांतपणे म्हणाला, "मी त्येंचा सुतक धरलंय. ज्येंचा सुतक धरलंय त्येंच्या घरात आपला चेडू देऊ? लोक तोंडात शेण घालतले. भाव-भैण ती." पोर दोन दिवस धड जेवली नाही. आणि माझी काय अवस्था? जन्मभर मी ज्या एका गोष्टीसाठी जीव टाकला, की सगळे एकाच माणसाचे, तीच गोष्ट आता खोटी निघावी म्हणून देवाला हात जोडत होते. आणि मनातल्या मनात परत भीती, खोटी निघाली तर माझ्या ग्रुपचं काय? माणसाचं मन म्हणजे कमालच आहे.

तोड मीच काढली. दादाला म्हटलं, त्यांच्या घरी म्हाळाला जाऊ. मूळपुरुषाचं पान बघू. अळणी असेल तर आपला आणि त्यांचा पुरुष एक, मग मी तुझ्या बाजूनं. मीठ असेल तर माणूस वेगळा. आणि कोणी आधी काही विचारायचं नाही, त्यांना सुगावा लागता कामा नये.

दादा पोरीकडे बघून म्हणाला, "पान अळणी निघाला तर ह्यो विषय परत घरात काढूचो नाय."

तिनं मान हलवली. "आणि मीठ आसला तर?"

"तर बघूया."

पोरीनं आईची शपथ घेऊन सांगितलं की तिनं मुलाला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे. दादाचाही आहे, पण त्यानं तिचा मोबाइल माझ्या पिशवीत ठेवायला लावला.

आम्ही तिघं निघालो, पोर गाडी चालवत होती. वहिनी आमच्या म्हाळाच्या तयारीला घरी थांबली. आचरा, मिठबाव, देवगड करत विजयदुर्गला पोचेपर्यंत मी एकटीच बोलत होते. शेतं पिवळी पडायला लागली होती. पोरांचं जमलंय हे त्यांच्या घरी माहीत होतं, म्हाळाला येतो एवढंच मी फोनवर कळवलं होतं. मुलाचे वडील फाटकापर्यंत सामोरे आले. साधा, मोकळा माणूस, थोडी हापूसची कलमं, एक होडी. "येवा, येवा. पायांवर पाणी घेवा." मुलगा त्यांच्यामागे उभा. त्यानं आमच्या पोरीकडे पाहिलंही नाही, इतका तो घाबरला होता. तिथेच मला आवडला.

स्वयंपाकघरातून वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराचा वास येत होता. पानं मांडली. मूळपुरुषाचं पान त्यांच्याकडेही वेगळं होतं, मधल्या खोलीत. मुलाची आई वाढायला आली. बाकीच्या पानांवर तिनं आधी मीठ वाढलं, मग भाज्या. मग ती त्या वेगळ्या पानाशी वाकली आणि सरळ वडे वाढले. मग भोपळ्याची भाजी. मग खीर.

मीठ नाही.

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, उलट माणूस दमल्यासारखा दिसत होता. पोर खांबाला टेकून उभी होती, ती खाली बघायला लागली. आणि मी? सांगायलाच हवं, क्षणभर माझ्या छातीत आनंद उसळला. एकच पुरुष! माझं खरं होतं! मग पोरीकडे लक्ष गेलं आणि त्या आनंदाची मला किळस आली.

"अगो बाई," मुलाची आई म्हणाली, "मीठ रवलाच. तुमच्याशी गजाली मारता मारता इसारलंय." आणि तिनं चिमूटभर मीठ पानाच्या कोपऱ्यात ठेवलं.

दादा माझ्या कानाशी आला. "इसारलंय म्हणता. खरा कशावरून? आमका बघून घातल्यान आसात."

मी त्याला कोपरानं ढोसणार होते, तेवढ्यात मुलाचे वडील आतून काखेत काहीतरी घेऊन आले. चटई होती. ती त्यांनी पानाशेजारी अंथरली, हातानं सारखी केली, आणि वर एक उशी ठेवली. धुतलेला अभ्रा, नीट थोपटून.

मला राहवेना. "ह्या कित्याक?"

ते हसले. "आमच्या पुरुषाक जेवल्यार आडवो पडूची सवय. म्हातारो खूप झाल्लो, तोंडात दात नाय, पण खाणा दांडगा. एक दिवस पोटभर जेवलो, आडवो पडलो, तो परत उठूकच नाय. पोरां, सुना, नातवंडां सगळी भोवती. ह्या वाडीत सगळा त्येच्याच शब्दार चालायचा, म्हणान वाडीक त्येचाच नाव पडला, तांच आमचा आडनाव. तेवापासून आमी दरवर्षी चटई घालतंव."

मी दादाचा दंड धरला. "दादा, आमचो दर्यात गेलो. पोरां लहान आसताना. एक माणूस दोनदा कसो मरतलो?"

खरंच सांगते, माझ्या आयुष्यात असा दिवस आला नव्हता. दोन माणसं! नाव एकच, काळ कुठला कोण जाणे, आणि माणसं दोन. त्या काळी ते नाव या किनाऱ्यावर घरोघरी असणार, हे मला इतकी वर्षं सुचलंच नाही. आमचा घरात नव्हता म्हणून त्याचं नाव पोरांना लागलं, यांचा वाडीत एवढा पसरून बसला होता म्हणून लागलं. मी तिथेच, उभ्या उभ्या, ग्रुपवर लिहिलं: तुमच्या मूळपुरुषाच्या पानावर काय करता, ताबडतोब कळवा.

दादा मात्र त्या उशीकडे बघत होता. म्हणाला, "मगे त्या वर्षी मी सुतक कोणाचा धरलंय?"

मुलाच्या वडिलांना कळेना. मग मीच सगळं सांगितलं, बातमी, पाट, न आखलेले डोळे, गणपती. ऐकता ऐकता ते खाली बसले.

"माझ्या बापाशीसाठी? तुमी गणपती आणूक नाय?"

"नाय," दादा म्हणाला.

"माझ्या चुलत भावांनी मुंबयत गणपती बसवल्यानी त्या वर्षी," ते म्हणाले. "रक्ताचे. आमी आता लांबचे झालंव म्हणाले. ता माझ्या मनातसून जाऊक नाय. आणि तुमी, कोण कोणाचे नाय, आणि तुमी धरलास." त्यांनी डोळे पुसले. "ह्या माझ्यान फिटूचा नाय."

जेवताना त्यांनी दादाला स्वतः वाढलं, बायकोला हात लावू दिला नाही. दादा नको नको म्हणत राहिला आणि त्याच्या पानात वडे पडत राहिले. उठताना दादा एवढंच म्हणाला, "पितृपक्षात बोलणी नको. दसरो जांवदे, मगे मी सांगान धाडतंय." पोरीनं ते ऐकलं. मुलानंही ऐकलं, आणि त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला.

परतीच्या वाटेवर माझा मोबाइल नुसता वाजत होता. वालावलवाल्यांनी कळवलं, पान अळणी. म्हणजे ते आमचे, खात्रीनं आमचे. गोव्याचेही अळणी. आंबोलीच्या मुलीनं लिहिलं, आम्ही पानावर इरलं धरतो, आमचा पुरुष पावसात गेला. तिसरा! मी गाडीत टाळ्या वाजवल्या. म्हटलं, दादा, तिसरा निघाला, कारवारवाले अजून बोललेच नाहीत, चौथाही असेल. आता मी प्रत्येकाचा वेगळा ग्रुप काढणार आहे. पोर आरशातून माझ्याकडे बघून हसत होती, आणि गाडी चालवता चालवता मध्येच गुणगुणत होती. देवगड मागे पडलं तरी माझं तोंड बंद नव्हतं.

दादा पुढच्या सीटवर होता. मिठबावच्या आसपास तो एकदम म्हणाला, "लगीन झाला की ही त्येंची."

मी म्हटलं, त्यात काय, आडनावसुद्धा बदलायचं नाही हिचं, अशी नवरी अख्ख्या तालुक्यात नसेल.

"आडनावाचा नाय म्हणत मी," तो म्हणाला. "लगीन झालेल्या चेडवाक बापाशीचा सुतक तीन दिवस. उद्या मी गेलंय तर हिका माझा तीनच दिवस. परक्या माणसाचा मी धा दिवस धरलंय."

माझा मोबाइल वाजला. मी तो पाहिला नाही. इतके दिवस तो शेण, लोक, भाव-भैण म्हणत होता, आणि आत हे घेऊन बसला होता.

पोरीनं गाडी हळू केली. समोर बघूनच म्हणाली, "बाबा, मी धा धरतलंय."

"सासरचे काय म्हणतले?"

"आडनाव तांच. इचारतलो कोण?"

दादानं विचारलं, "गणपती आसले तरी?"

"आसले तरी," ती म्हणाली.